पोटखराब्यातलं ऊन

बारामती तालुक्याचा झोनिंगचा पहिला नकाशा नगररचना खात्यानं काढलेला नाही. तो नीरा डाव्या कालव्यानं काढला, १८८५ च्या आसपास, आणि तेव्हापासून त्यावर हरकती-सूचना मागवायची कुणाला गरज वाटलेली नाही. कालव्याच्या खालच्या अंगाला बागायत. तिथं ऊस, उसामागं कारखाना, कारखान्यामागं निवडणूक आणि निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या सोयीसाठी एखादी पतसंस्था. वरच्या अंगाला जिरायत. तिथं बाजरी, हुलगा, कुसळं, टँकर आणि 'जनाई-शिरसाईचं पाणी पुढच्या आवर्तनाला नक्की' हा निरोप. सुपे, मोरगाव, कऱ्हाटी, लोणी भापकर, शिर्सुफळ ही वरच्या अंगाची गावं. कऱ्हा नदी या भागातून वाहते असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. वर्षातले बहुतेक महिने तिच्यातून वाहते ती वाळू, तीही ट्रॅक्टरनं आणि रात्री.

सोयरीक जमवायला आलेले पाहुणे मुलाचं शिक्षण चहानंतर विचारायचे. चहाआधीचा प्रश्न एकच असायचा: "कालव्याखाली किती?"

ऊन मात्र दोन्ही अंगांना सारखंच पडतं. फरक इतकाच की बागायतदाराचं ऊन उसाच्या पानावर पडतं आणि जिरायतदाराचं डोक्यावर. त्याचा हिशेब कधी कुणी ठेवला नव्हता. मग २०१७ साली सरकारला उन्हाचा शोध लागला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धीला नारळ फुटला आणि २०२३ मध्ये 'मिशन २०२५' असं शेपूट लावून योजना पुन्हा नव्यानं आली. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री, या पाळीत ज्यानं पौषातल्या थंडीत रात्री दोनला उठून दारं धरली आहेत आणि पायाखाली काय वळवळलं ते बॅटरी मारून पाहिलं आहे, त्याला दिवसा थ्री फेज म्हणजे काय सुख हे सांगायला मंत्री यावा लागत नाही. शेतीचा फीडर वेगळा करायचा, उपकेंद्राजवळ पॅनल मांडायचे, दिवसा मोटार चालवायची. झकास.

राहिला प्रश्न पॅनल मांडायचे कुठं, एवढाच.

कुठं काय उभारायचं याचे काही नियम असतात असं मानणारी एक भाबडी जमात नगरपालिकेच्या हद्दीत राहते. त्यांच्याकडं विकास आराखडा असतो, यलो झोन असतो, ग्रीन झोन असतो. ग्रीन झोनमध्ये स्वस्तात गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवलेले मास्तर तो यलो होण्याची वाट पाहत पेन्शनीत निघतात. २०२० पासून तर राज्याला एकत्रित बांधकाम नियमावली आहे. जिना किती रुंद, खोली किती उंच, शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती सोडायचं, सगळं तीत आहे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी गच्चीवर तीन किलोवॉटचे पॅनल लावायला घेतले. प्रधानमंत्री सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडी डोळ्यांसमोर होती. त्यांना एका कार्यालयानं विचारलं, गच्चीवरची पाण्याची टाकी मंजूर नकाशात दिसत नाही ती का? टाकी त्यांच्या वडिलांच्या काळातली. पॅनल राहिले बाजूला, गृहस्थ सध्या टाकी नियमित करून घेताहेत.

सौर प्रकल्प म्हटला की हे सगळं लोप पावतं. महावितरणच्या उपकेंद्रावर कंपासाचं टोक ठेवायचं आणि पाच किलोमीटरचं वर्तुळ मारायचं. जमीन सरकारी असेल तर कंपास दहा किलोमीटरपर्यंत ताणता येतो. वर्तुळातलं सगळं ऊन पात्र. अकृषिक परवानगीची भानगड नाही. पर्यावरणाची पूर्वमंजुरी नको, कारण त्यासाठीच्या २००६ च्या अधिसूचनेत असले प्रकल्प येतच नाहीत. प्रदूषणाच्या यादीत उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे वर्ग केले आहेत. सौरऊर्जा त्यात पांढऱ्यात बसते, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या कुणाला गेटवर अडवायची आपल्याकडं पद्धत नाही.

आता भावाचं बघा. खाजगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. पावसाची वाट बघत हेक्टरभर बाजरी पेरणाऱ्याला हा आकडा ऐकून ठसका लागतो. सरकारी जमीन असेल तर भाडं वर्षाला एक रुपया. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर जी गोळी ठेवतो, तिची हल्ली ही किंमत. ऊन तेच, पॅनल तेच, तारही तीच. पण वर राबणारा मालक असला तर सव्वा लाख, आणि गावाच्या गुरांनी पिढ्यान्‌पिढ्या चरलेलं गायरान असलं तर रुपया. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. शहाणा माणूस पट्टी कुठं लावेल हे सांगायला ज्योतिषी नको.

गाव रुसू नये म्हणून ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळतात. या पाच लाखांकडं आपण शेवटी येऊ. गावही तिथंच येतं.

जिरायत भागातल्या एका गावच्या ग्रामसभेचा हा वृत्तान्त. गावाचं नाव घालत नाही, कारण घातलं तर शेजारची दोन गावं 'आमच्याकडं पण असंच झालं, मग छापून त्यांचंच का' म्हणून भांडायला येतील. सभा सकाळी अकराची. कोरम नव्हता म्हणून तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच सतरंजीवर पुन्हा भरली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. आपल्या लोकशाहीतली ही एकच तरतूद सगळ्यांना तोंडपाठ असते.

कंपनीचा एक तरुण आला होता. इन केलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आवाजात साखर. शाळेच्या भिंतीवर त्यानं प्रोजेक्टर लावला. दुसऱ्या चित्राला लाईट गेली. दिवसा वीज देणाऱ्या योजनेचं सादरीकरण दिवसा लाईट गेल्यामुळं थांबलं, पण कुणी हसलं नाही. शेतीचा फीडर वेगळा, गावठाणाचा वेगळा, हे आता लहान पोरालाही कळतं. तरुणानं लॅपटॉप उचलून सगळ्यांच्या समोरून फिरवला. पडद्यावर गायरानाचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत: 'नापीक व पडीक जमीन'.

खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आयुष्य मेंढरांमागं गेलेलं.

"ही बाभळ तर आमच्या वाड्याजवळची. हितं आमचा खांडवा बसतो. नापीक कुणी ठरवलं?"

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. सरकारनं तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी करून टाकलं आहे, गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. "रेकॉर्डला आहे बाबा. लागवडीलायक क्षेत्र निरंक. सगळा पोटखराबा."

"आवं, पण गवात येतंय की. पावसुळ्यात कमरंएवढं येतंय."

"गवत म्हणजे पीक नव्हं."

"मग काय हाय?"

भाऊसाहेब थोडे अडखळले. सातबाऱ्यात या प्रश्नाला जागा नाही. "पीक असतं तर त्याचा विमा निघाला असता," ते म्हणाले, आणि हे उत्तर इतकं बिनतोड निघालं की सरपंचांनी मान डोलावली.

तरुणानं परिस्थिती सावरली. पॅनलच्या खाली मेंढ्या चरू शकतात, तो म्हणाला, परदेशात सर्रास चरतात. हे खोटं नाही. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पॅनलखालचं गवत काबूत ठेवायला मेंढ्याच सोडतात, कापणीचा खर्च वाचतो. त्यानं फोटो दाखवला. हिरव्याकंच गवतात एक गुबगुबीत मेंढी पॅनलच्या सावलीत उभी होती. अंगावर इतकी लोकर की तिला थंडी माहीत नसावी, आणि चेहऱ्यावर नियमित पगार असल्यासारखं समाधान. म्हाताऱ्यानं लॅपटॉप जवळ घेऊन तिला नीट न्याहाळलं. जातिवंत पारख होती त्याची.

"जनावर चांगलं हाय," तो म्हणाला. "पण आमच्या मेंढरांत शेरडंबी असत्यात. शेरडू खाली चरत न्हाय. ते त्येच्यावर चढंल."

सभेत पहिल्यांदा शांतता पसरली. कंपनीच्या कुठल्याही चित्रात शेळी नव्हती. तरुणानं कुणाला तरी फोन लावला, रेंजसाठी पारावर जाऊन बोलला आणि परत येऊन जाहीर केलं की शेळ्यांना परवानगी देता येणार नाही. मेंढ्यांचं बघू. गेटला कुलूप राहील, किल्ली वॉचमनकडं, वॉचमन स्थानिकच घेऊ. अशा रीतीनं या भागाची पहिली सौर क्षेत्र नियमावली तोंडी अस्तित्वात आली: मेंढी सशर्त, शेळी निषिद्ध. ती राजपत्रात आली नाही हे राजपत्राचं दुर्दैव.

ठराव टाईप करून आणलेलाच होता. सूचक, अनुमोदक यांच्या जागा मोकळ्या होत्या, त्या भरल्या. म्हाताऱ्यानं हात वर केला नाही. त्याच्या भावकीतले बरेचसे वाडे घेऊन कोकणात उतरले होते, दिवाळीनंतर उतरतातच, पावसाच्या तोंडावर परततात. सभेला हजर नसलेल्यांची हरकत नाही असं धरलं गेलं. एकमतानं मंजूर.

२०१५ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वुडलँड नावाच्या गावाची जगभर टिंगल झाली होती. वस्ती हजाराच्या आत. एका कंपनीला गावच्या हद्दीत सौर प्रकल्प टाकायचा होता, त्यासाठी जमिनीचा झोन बदलून हवा होता. जाहीर सुनावणीत एका गावकऱ्यानं शंका काढली की हे पॅनल सूर्याची सगळी शक्ती शोषून घेतील. एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेला झाडांच्या प्रकाशसंश्लेषणाची काळजी पडली. गावच्या कौन्सिलनं तीन विरुद्ध एक मतांनी झोन बदलायला नकार दिला आणि बातमी जगभर फिरली. आपल्याकडच्या सुशिक्षितांनीही ती चवीनं वाचली.

मला त्या गावाचा हेवा वाटतो. तिथं झोन बदलायचा तर अर्ज करावा लागतो, लोकांना बोलू द्यावं लागतं आणि बोलून झाल्यावर 'नाही' असंही म्हणता येतं. त्यांच्याकडं अडाणीपणाचा ठरावसुद्धा चर्चा होऊन होतो. आपला शहाणपणाचा ठराव प्रिंटर घेऊन येतो. शिवाय बातमीच्या तळाशी एक ओळ होती, ती फारशी कुणी वाचली नाही. त्याच गावानं याआधी तीन सौर प्रकल्पांना जागा दिलेली होती. चौथ्याला ते दमले असावेत.

आपल्याकडं शिर्सुफळ दमलेलं नाही, हे विशेष. तिथं महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, आणि तोही सौर कृषी वाहिनी जन्मायच्या आधीपासूनचा. त्याच शिर्सुफळात वन खात्यानं अलीकडं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीतही तशीच. पुण्याची मंडळी पहाटे उठून ऑनलाइन पैसे भरून येतात, दुर्बिणी लावतात आणि चिंकारा, लांडगा, कोल्हा बघून धन्य होतात. सुप्याला तर चिंकाऱ्यासाठी १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्यच आहे. क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे चिंकारा मनापासून पळाला तर बघता बघता हद्दीबाहेर. त्याच्या हद्दीबाहेर असतं ते पुन्हा तेच माळरान, तेच पवन्या गवत, त्याच बाभळी. फक्त ते देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशावर पडीक म्हणून रंगवलेलं असू शकतं. एका खात्याच्या मते माळावर काही नाही. दुसरं खातं तेच काही-नाही दाखवायचे तिकीट लावून पैसे घेतं. दोन्ही खाती एकाच सरकारची आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही, कारण एक पहाटे येतं आणि दुसरं उन्हं वर आल्यावर.

लांडग्याची अडचण आणखी वेगळी. तो मेंढरांच्या वाड्यामागं फिरतो, मेंढरं गवतामागं फिरतात, आणि गवत आता तारेच्या कुंपणात राहणार, मेंढीसाठी सशर्त. लांडग्यानं वॉचमनकडं किल्ली मागायची की गेट पास काढायचा, याबद्दल योजनेचा शासन निर्णय काही बोलत नाही.

मग पॅनल लावायचेच नाहीत का, असं बागायत भागातले वाचक रागानं विचारतील. लावा की. उन्हाला जागेची काही कमी नाही. कारखान्यांची गोदामं आहेत, एमआयडीसीतल्या शेडचे पत्रे आहेत, बाजार समितीच्या आवारातलं ऊन तर हमालांच्या पाठीवर रोज फुकट जातं. गुजरातनं २०१२ मध्ये मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासणजवळ नर्मदेच्या साणंद शाखा कालव्यावरच पॅनल घातले. साडेसातशे मीटर लांबीवर एक मेगावॉट, एक गुंठाही जमीन न अडवता, वर पाण्याची वाफ होणं कमी. हे वाचून मला एकदम नीरा डावा कालवा आठवला. केवढी लांबी! एका बागायतदार मित्राला मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो पानाला चुना लावत ऐकत होता. पान तोंडात टाकून त्यानं विचारलं, "पॅनल घातल्यावर सायफन कुठून टाकायचा?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बागायत क्षेत्राचा हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण बाकी सगळ्या नियमांपेक्षा पक्का आहे. कालव्याचं पाणी उघडं असलं पाहिजे, कारण रात्री त्याच्यावर लोकांची कामं असतात. कालवा झाकायचा प्रस्ताव आणला तर सूर्याची शक्ती संपण्याची भीती वुडलँडहून बारामतीला यायला दोन दिवस लागणार नाहीत. विरोध करायला तिथं माणसं आहेत, त्यांना मतं आहेत आणि मतांना भाव आहे. माळावर चिंकारा आहे. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही.

माणसं माळावरही आहेत, पण त्यांची गोष्ट निराळी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. २०२२ मध्ये राज्यात गायरानावरच्या घरांना नोटिसा निघायला लागल्या आणि गावोगाव घबराट उडाली. गायरानात दहा बाय बाराचा पत्रा टाकून राहिलेला माणूस अतिक्रमणदार. गायरानात दहा एकरांवर काचेचे पत्रे टाकले तर तो हरित विकास. पत्रा तोच, फक्त वरून काळा आणि किंचित तिरका. दक्षिणेकडं तोंड करून झोपडी बांधली असती तर गरिबाला कदाचित सवलत मिळाली असती, एवढं आधी कुणी सांगायला हवं होतं. भिगवणच्या रोहित पक्ष्यांनी तरी आताच कान टवकारावेत. ओंकारेश्वरला धरणाच्या पाण्यावर पॅनल तरंगतात, आणि उजनीच्या पाण्याइतकं सपाट, मोकळं आणि मतदान न करणारं क्षेत्र इंदापूर तालुक्यात दुसरं नाही.

असो. आपण पाच लाखांपाशी आलो.

ग्रामसभेत आयत्या वेळचा विषय म्हणून पहिल्या वर्षीचे पाच लाख निघाले. कुणी म्हणालं स्मशानभूमीला शेड. कुणी म्हणालं तालमीला मशीन. महिला बचत गटाच्या बाया मागून म्हणाल्या, शाळेतल्या पोरींना बाथरूम, तेव्हा सभागृहात एकाएकी चहा आला. चहा संपेपर्यंत सर्वानुमते ठरलं की फाट्यावर गावाच्या नावाची कमान उभारायची. वर देवाचं चित्र, खाली देणगीदारांच्या जागी प्रकल्पाचं नाव, आणि दोन्ही बाजूंना सौर दिवे.

कमानीचा प्रस्ताव तालुक्याला गेला आणि तिथं मात्र सगळे नियम जागे झाले. फाटा राज्य मार्गावर, म्हणून बांधकाम खात्याची ना हरकत. रस्त्याच्या मध्यापासून अंतर किती? वाहतुकीला अडथळा? उसाची गाडी खालून जाईल एवढी उंची? नकाशा चार प्रतींत, अभियंत्याच्या सहीशिक्क्यासह. जागेचा मालकी हक्क. आणि शेवटचा प्रश्न, लाल शाईनं: सदर जागा कोणत्या झोनमध्ये येते?

ग्रामपंचायतीच्या दप्तरात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सरपंच वैतागले, भाऊसाहेब सुट्टीवर गेले. शेवटी मार्ग कंपनीच्या त्या तरुणानंच काढला. तो म्हणाला, कमान आमच्या कुंपणाच्या आत उभारा, तिथं कशालाच परवानगी लागत नाही. सूचना सगळ्यांना पटली. पाया खणून झाला आहे. आता एकच अडचण राहिली आहे की गाव त्या कमानीखालून जात नाही. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकाला 'गावचा रस्ता प्रकल्पातून वळविणेबाबत' असा विषय घेतला आहे, ठराव टाईप करून आला आहे, आणि कोरम होणार नाही याची काळजी आत्तापासून घेतली जात आहे.